ऑन्ट्रे : पंक्तीत जागा बदललेला शब्द

शिकागोतल्या एखाद्या रेस्टॉरंटचे मेन्यूकार्ड उघडले की ‘ऑन्ट्रे’ या मथळ्याखाली स्टेक, सामन मासा, भाजलेली कोंबडी असे भरपेट पदार्थ दिसतात आणि त्यांच्यापुढे कार्डावरच्या सगळ्यांत चढ्या किमती असतात. मेलबर्नमध्ये त्याच मथळ्याखाली अर्धा डझन कालवे किंवा छोट्या बशीतल्या चार कोळंब्या येतात. पोटभर जेवण त्याखालच्या ‘मेन’ या मथळ्यात. ऑस्ट्रेलियात कित्येकदा एकच पास्ता ‘ऑन्ट्रे’ आणि ‘मेन’ अशा दोन मापांत आणि दोन किमतींत मिळतो. पॅरिसमधल्या साध्या खाणावळीच्या फळ्यावर खडूने ‘आँत्रे, प्ला, देसेर’ अशी तीन पायऱ्यांची रांग लिहिलेली असते आणि तिच्यात आँत्रे पहिला. लंडनमध्ये मात्र हा शब्द आता क्वचितच भेटतो. तिथल्या लोकांनी पहिल्या पदार्थासाठी ‘स्टार्टर’ हा साधा शब्द पत्करला आहे.

या गोंधळाचे खापर बहुतेक वेळा अमेरिकनांच्या माथी फुटते. फ्रेंचमध्ये ‘आँत्रे’ म्हणजे प्रवेश. मग जेवणाच्या दारातच भेटणाऱ्या पदार्थाचे नाव थेट मधल्या, मुख्य पदार्थाला देणाऱ्यांना फ्रेंच कळत नसणार, असा निष्कर्ष काढला जातो आणि अमेरिकेतले चोखंदळ खवय्येही तो खाली मान घालून मान्य करतात. हा निष्कर्ष चुकीचा आहे आणि अन्यायाचाही. सोळाव्या शतकापासून आजपर्यंत हा शब्द कोणत्या पदार्थांना लावला गेला, ते पदार्थ टेबलावर कुठे आणि केव्हा येत, हे क्रमाने पाहिले तर वेगळेच चित्र दिसते. जुन्या अर्थाला दोन बाजू होत्या. एक म्हणजे पदार्थाचा प्रकार आणि दुसरी त्याची जागा. अमेरिकेने प्रकार जपला, फ्रान्सने जागा. ज्या मेजवानीत या दोन्ही बाजू एकत्र नांदत होत्या, ती मेजवानीच जगातून उठून गेली.

इंग्रजी भाषेच्या स्वयंपाकघरात फ्रेंच शब्दांची वस्ती दाट आहे. १०६६मध्ये नॉर्मन राजवट इंग्लंडात आली तेव्हापासून गोठ्यातल्या गायीला एक नाव आणि ताटातल्या गोमांसाला दुसरे, अशी विभागणी सुरू झाली. पुढे सतराव्या शतकात फ्रेंच स्वयंपाकाने युरोपभरच्या दरबारांत मान मिळवला आणि शब्दांची दुसरी, मोठी लाट आली. त्यातले कितीतरी शब्द इंग्रजीच्या वाटेने मराठीतही येऊन स्थिरावले आहेत : रेस्टॉरंट, मेन्यू, शेफ, बुफे, सूप, सॉस, ऑम्लेट, कॅफे. यांतल्या बहुतेक शब्दांनी प्रवासात आपला अर्थ थोडाफार सांभाळला. ऑन्ट्रेचे तसे झाले नाही. एकाच भाषेच्या दोन प्रांतांत तो दोन वेगळ्या पदार्थांचे नाव झाला, आणि म्हणूनच इंग्रजीतल्या फ्रेंच पाकशब्दांची ओळख करून घेताना त्याच्यापासून सुरुवात करणे सोयीचे पडते. जेवणाची मांडणी बदलली की शब्दाचे काय होते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

१५५५ साली लियाँ शहरात ‘लिव्र फोर एक्सेलाँ द क्विझीन’ नावाचे पाकपुस्तक छापले गेले. त्यातल्या मेजवान्यांच्या याद्यांत ‘आँत्रे द ताब्ल’ आणि ‘इस्यू द ताब्ल’ असे दोन शब्दप्रयोग आढळतात. पहिला टेबलावरच्या प्रवेशाचा, दुसरा टेबलावरून निघण्याचा. म्हणजे सुरुवातीला जागेचा अर्थ होताच, हे खरे. पण या प्रवेशाच्या वेळी जे वाढले जाई ते तोंड चाळवणारे चटकमटक नव्हते. गरम, भरीव, बहुतांशी मांसाचे पदार्थ त्यात असत. त्यानंतर अख्खी भाजलेली जनावरे आणि पक्षी यांचे वाढप होई, आणि त्या भव्य वाढपाच्या तुलनेत हे आधीचे, एवढाच त्याचा ‘प्रवेश’.

पुढच्या शंभर वर्षांत शब्दाचे वजन जागेकडून प्रकाराकडे सरकत गेले. फ्रांस्वा पिएर ला व्हारेन याचे ‘ल क्विझिनिए फ्राँस्वा’ हे पुस्तक १६५१मध्ये प्रसिद्ध झाले. मध्ययुगीन मसाल्यांच्या भडिमारातून फ्रेंच स्वयंपाकाला बाहेर काढणारे पुस्तक म्हणून ते ओळखले जाते, आणि दोनच वर्षांत, १६५३मध्ये, त्याचा इंग्रजी अनुवाद लंडनमध्ये निघाला. ला व्हारेनने त्यात सैन्याच्या तळावर किंवा गावाकडे करता येतील अशा ऑन्ट्रेंचा एक स्वतंत्र भाग घातला आहे. ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. लष्करी छावणीत पंधरा पदार्थांची शाही मांडणी कुठून असणार? तरीही तिथे ‘ऑन्ट्रे’ करता येतो, कारण एव्हाना तो स्वयंपाकाचा एक प्रकार झाला होता.

हा प्रकार नेमका कोणता? ज्या मांसावर स्वयंपाक्याचा हात फिरला आहे, ते. पातेल्यात सॉसमध्ये मंद शिजवलेले, रस्सा आटवून दाट केलेले, बारीक करून भरलेले, पेस्ट्रीच्या आवरणात कोंडून भाजलेले. त्याच्या समोर उभे होते ते ‘रोती’, म्हणजे सळईवर निखाऱ्यांपुढे फिरवून भाजलेले अख्खे मांस किंवा पाखरू, ज्यात कौशल्य आगीवर नजर ठेवण्याचे. भाजणारा आणि सॉस करणारा हे फ्रेंच स्वयंपाकघरात दोन वेगळे लोक होते आणि आजही मोठ्या हॉटेलांत त्यांची नावे वेगळी आहेत. ऑन्ट्रे हे सॉस करणाऱ्याच्या हातचे काम. फ्रेंच स्वयंपाकाची जी कीर्ती जगभर पसरली ती मुख्यतः याच पातेल्यांमधून पसरली.

आता ते टेबल डोळ्यांसमोर आणायला हवे. सतराव्या आणि अठराव्या शतकांत फ्रेंच पद्धतीच्या मेजवानीत पदार्थ एकामागून एक येत नसत. पहिल्या वाढपातले सगळे पदार्थ पाहुणे बसण्याआधीच टेबलावर मांडलेले असत आणि प्रत्येकाची जागा ठरलेली असे. मराठी वाचकाला पंगतीतल्या पानाची मांडणी ठाऊक आहे : मीठ-लिंबू कुठे, कोशिंबीर डाव्या हाताला, भाजी उजव्या हाताला, आणि पान पाहताच कोणता पदार्थ कोणत्या कुळीतला ते कळते. फ्रेंच टेबलावरही पदार्थाची ओळख त्याच्या जागेवरून पटे, फक्त पान एका माणसाचे नसून सगळ्या पंक्तीचे मिळून एकच असे. टोकांना सुपाची मोठी भांडी, त्यांच्यामध्ये समतोल साधून ऑन्ट्रेंच्या थाळ्या, कडेने बारक्या बशांत ‘ऑर दव्र’, म्हणजे मुख्य कामाच्या बाहेरचे पदार्थ. सूप संपले की त्याचे भांडे उचलून त्या जागी मोठा मासा किंवा मांसाचा मोठा तुकडा ठेवत. उचललेल्याच्या जागी आलेला म्हणून त्याचे नाव ‘रलव्हे’. हे सगळे मिळून पहिले वाढप. मग टेबल मोकळे करून दुसरे वाढप मांडले जाई आणि त्याचा राजा असे रोती.

व्हँसाँ ला शापेल हा फ्रेंच आचारी इंग्लंडात चेस्टरफील्डच्या अर्लकडे नोकरीला होता. त्याचे ‘द मॉडर्न कुक’ १७३३ साली लंडनमध्ये आधी इंग्रजीत निघाले. त्यात टेबलाच्या मांडणीचे घडी घालून बसवलेले नकाशे आहेत. भांड्यांचे आकार, त्यांची जागा, दोन्ही बाजूंचा समतोल, सगळे आखलेले. हे नकाशे पाहिले की ‘ऑन्ट्रे पहिला पदार्थ होता की मधला’ हा प्रश्नच त्या काळाला लागू पडत नाही, हे उमगते. तो पहिल्या वाढपात होता, सूप आणि रलव्हेच्या सोबतीने. पाहुण्याने आधी काय घ्यायचे हे त्याचा हात कुठवर पोचतो यावरही अवलंबून असे.

इंग्रजांनी हे सगळे आनंदाने स्वीकारले असे नाही. श्रीमंत घराण्यांत फ्रेंच आचारी ठेवणे ही प्रतिष्ठेची गोष्ट होती आणि मध्यमवर्गाला त्या उधळपट्टीचा राग येई. हॅना ग्लासने १७४७च्या ‘द आर्ट ऑफ कुकरी मेड प्लेन अँड इझी’ या पुस्तकात अशा एका आचाऱ्याविषयीची तक्रार नोंदवली आहे : बारा अंडी तळायला त्याने सहा पौंड लोणी वापरले म्हणे, जिथे अर्धा पौंडही पुष्कळ झाले असते. तिच्या पुस्तकात या कुळीतल्या पदार्थांना ‘मेड डिशेस’ असे अस्सल इंग्रजी नाव आहे, म्हणजे ‘घडवलेले’ पदार्थ. ऑन्ट्रेचा त्या काळातला अर्थ सांगायला याहून नेमके शब्द नाहीत. पण फॅशनपुढे नेमकेपणाचे काही चालले नाही. १७५९मध्ये ससेक्स परगण्यातल्या लुइस गावचा विल्यम व्हेराल याने आपले पाकपुस्तक काढले. तो तिथल्या ‘व्हाइट हार्ट’ या सरायीचा चालक, आणि त्याचे शिक्षण न्यूकॅसलच्या ड्यूकच्या क्लूए नावाच्या फ्रेंच आचाऱ्याच्या हाताखाली झालेले. आपल्या गुरूची बाजू घेत, त्याच्यावरचे उधळपट्टीचे आरोप खोडून काढत व्हेराल इंग्रज वाचकाला फ्रेंच पद्धत शिकवतो. गावच्या सरायवाल्याने लिहिलेल्या या पुस्तकाची एक प्रत कवी थॉमस ग्रे याच्या संग्रही होती आणि तिच्यावर त्याने स्वतःच्या हाताने टिपणे केली. दरबारी स्वयंपाक आणि त्याचे शब्द एव्हाना कुठवर झिरपले होते, हे त्यावरून दिसते.

या काळाची एक धातूची साक्ष आजही जुन्या वस्तूंच्या बाजारात मिळते. ‘ऑन्ट्रे डिश’ म्हणजे चांदीचे किंवा चांदीचा मुलामा दिलेले उथळ, झाकणाचे भांडे. झाकणाची मूठ फिरवून काढता येते आणि झाकण उलटे ठेवले की त्याचीच दुसरी थाळी होते. सॉसमधले मांस गरम राहायला हवे म्हणून झाकण, आणि टेबलाच्या दोन बाजूंचा समतोल राखायला जोडीची भांडी हवीत म्हणून ही युक्ती. जॉर्जियन आणि व्हिक्टोरियन काळात अशी भांडी मोठ्या संख्येने घडवली गेली. इंग्रजांच्या जेवणातून ऑन्ट्रे हा टप्पा नाहीसा झाला तरी लिलावांच्या याद्यांत भांड्याचे नाव तेच राहिले आहे.

एकोणिसाव्या शतकात टेबलाचीच पद्धत बदलली. पॅरिसमधले रशियन राजदूत अलेक्सांद्र कुराकिन यांनी १८१०च्या सुमारास आपल्या मेजवानीत पदार्थ एकामागून एक वाढवले, आणि तेव्हापासून ‘रशियन पद्धत’ पश्चिम युरोपात आली, असे सांगितले जाते. मांस स्वयंपाकघरातच कापायचे, वाढप्याने प्रत्येक पाहुण्याच्या डाव्या हाताशी थाळी धरायची, टेबलावर पदार्थांऐवजी फुले आणि फळे. थोर आचारी कारेम याला जुन्या मांडणीचा डौल प्रिय होता. पण अन्न गरम मिळते या सोयीपुढे डौल टिकला नाही. युर्बें द्युब्वा आणि एमिल बेर्नार या दोघांच्या १८५६च्या ‘ला क्विझीन क्लासिक’ या ग्रंथाने नव्या पद्धतीला शास्त्र मिळवून दिले.

ऑन्ट्रेच्या दृष्टीने ही उलथापालथ निर्णायक ठरली. आतापर्यंत पदार्थाला टेबलावर जागा होती, आता त्याला रांगेत क्रमांक मिळाला. टेबलावर सगळे मांडलेले असताना पुढे काय येणार हे वेगळे सांगावे लागत नसे. आता ते दिसेनासे झाले म्हणून प्रत्येकासमोर छापील किंवा हस्तलिखित कार्ड आले. आणि त्या कार्डावर ऑन्ट्रे पहिला नव्हता. आधी ऑर दव्र, मग सूप, मग मासा. फ्रान्समध्ये त्यानंतर रलव्हे आणि मग ऑन्ट्रे. इंग्लंडात बहुधा ऑन्ट्रे आधी आणि मांसाचा मोठा तुकडा नंतर. शेवटी रोती, त्याच्याबरोबर किंवा नंतर सॅलड, मग गोडाचे. ‘प्रवेश’ असे नाव असलेला पदार्थ तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर आला तरी त्या काळात कुणाला काही खटकले नाही, कारण शब्दाचा अर्थ सगळ्यांच्या मनात ‘सॉसमधला, घडवलेला मांसाचा पदार्थ’ असा पक्का होता. इसाबेला बीटनच्या १८६१च्या गृहव्यवस्थेवरील जाडजूड ग्रंथातल्या मेजवानीच्या याद्यांत पहिला टप्पा, ऑन्ट्रे, दुसरा टप्पा, तिसरा टप्पा अशी मांडणी आहे. ऑन्ट्रेला क्रमांक नाही, नाव आहे.

हा क्रम साहेबाबरोबर हिंदुस्थानातही आला. ‘वायव्हर्न’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या कर्नल केनी-हर्बर्ट यांचे ‘क्युलिनरी जॉटिंग्ज फॉर मद्रास’ १८७८ साली प्रसिद्ध झाले. मद्रासच्या उकाड्यात, चुलीवर, स्थानिक बाजारातल्या मांसातून फ्रेंच धर्तीचे सॉस आणि ऑन्ट्रे कसे करावेत, आणि ‘रामस्वामी’ या सरसकट नावाने उल्लेखलेल्या स्वयंपाक्याकडून ते कसे करवून घ्यावेत, याचे ते तपशीलवार पुस्तक आहे. त्यातला वसाहतवादी सूर वाचकाला खुपतो आणि खुपायलाच हवा. तरी मेन्यू आटोपशीर असावा, थोडे पदार्थ नीट करावेत, हा त्यांचा आग्रह काळाच्या पुढचा होता.

या व्यवस्थेचे बहुधा सर्वांत प्रसिद्ध उरलेले कागद म्हणजे ‘टायटॅनिक’ जहाजावरचे १४ एप्रिल १९१२च्या रात्रीचे पहिल्या वर्गाचे मेन्यूकार्ड. कालवे, दोन सुपे, मग काकडीबरोबर सामन मासा. त्यानंतरच्या गटात गोमांसाचे फिले मिन्याँ, लियाँ धर्तीची कोंबडी आणि भरलेला भोपळा. त्याहीनंतर पुदिन्याच्या सॉसबरोबर कोकराचे मांस, भाजलेले बदक, गोमांसाचे सरलॉइन. मग थंडगार पंच, मग भाजलेले कबुतर, आणि पुढे गोडापर्यंत रांग चालूच. फिले आणि कोंबडीचा तो मधला गट म्हणजे ऑन्ट्रे. आजच्या अमेरिकन माणसाला तो पाहून काहीच परके वाटणार नाही. त्याच्या मेन्यूकार्डावर याच पदार्थांवर हाच मथळा असतो. चकित होईल तो आजचा पॅरिसकर.

दोन वर्षांनी महायुद्ध पेटले आणि दहा पायऱ्यांचे जेवण कोसळू लागले. ब्रिटनमध्ये डिसेंबर १९१६पासून हॉटेलांत संध्याकाळच्या जेवणाला जास्तीत जास्त तीन आणि दुपारच्या जेवणाला दोन टप्पे असा नियम झाला. दुसऱ्या महायुद्धात, १९४२मध्ये, तीन टप्पे आणि पाच शिलिंग ही कमाल मर्यादा कायद्याने घातली गेली. अमेरिकेत १९१७पासून हर्बर्ट हूव्हर यांच्या अन्नप्रशासनाने मांसाविना आणि गव्हाविना दिवस पाळायला लावले. मग १९२० ते १९३३ अशी दारूबंदी आली. वाइनच्या नफ्यावर उभी असलेली फ्रेंच धर्तीची मोठी रेस्टॉरंट तिच्यात मोडून पडली. न्यूयॉर्कच्या डेल्मॉनिकोजने एकोणिसाव्या शतकात अमेरिकेला फ्रेंच मेन्यू वाचायला शिकवले होते आणि त्यांचे मुख्य आचारी चार्ल्स रानहोफर यांनी १८९४मध्ये ‘द एपिक्युरियन’ हा प्रचंड ग्रंथ लिहिला होता. १९२३ साली त्या घराण्याचे दरवाजे बंद झाले.

रांग आखडली तेव्हा प्रत्येक देशाला ठरवावे लागले की उरलेल्या दोन-तीन जागांपैकी कोणती जागा या शब्दाला द्यायची. कुणी बसून तसा ठराव केला नाही. मेन्यूकार्डे लिहिणाऱ्यांच्या हातून ते घडत गेले आणि सुदैवाने ती कार्डे जपली गेली आहेत. मिस फ्रँक बटॉल्फ या बाईंनी १९०० साली न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीसाठी मेन्यूकार्डे गोळा करायला घेतली. त्यांनी जमवलेली संख्या पंचवीस हजारांच्या आसपास जाते, आणि आज भाषेच्या अभ्यासकांना त्या चिवट छंदाचे मोल कळते. १९००च्या आसपासच्या अमेरिकन हॉटेलांच्या कार्डांवर ‘रोस्ट’ वेगळे, ‘फिश’ वेगळे आणि ‘ऑन्ट्रे’ वेगळे असतात. ऑन्ट्रेखाली फ्रिकासी, क्रोकेट, आणि कधी कधी गोड भजीसुद्धा. पुढच्या काही दशकांत हे कप्पे एकमेकांत विरघळले. आधी सॉसमधले मांस होते तिथे भाजलेले मांस आले, मग मासा आला, आणि सगळ्या भरीव पदार्थांचे मिळून एक नाव उरले. स्टॅनफर्ड विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ डॅन ज्युराफ्स्की यांनी २०१४च्या ‘द लँग्वेज ऑफ फूड’ या पुस्तकात हा प्रवास मांडला आहे. अमेरिकन वापराने शब्दाचा गरम, भरीव मांसाचा गाभा टिकवला, हे त्यांचे प्रतिपादन पुराव्यावर उभे आहे.

त्याच काळात फ्रान्समध्ये उलटे घडत होते. प्रॉस्पेर माँतान्ये यांचा ‘लारूस गास्त्रोनोमिक’ हा पाककोश १९३८ साली निघाला. त्यात या शब्दाच्या नोंदीत ते वाचकांना बजावतात की पुष्कळांना वाटते तसा हा मेन्यूतला पहिला पदार्थ मुळीच नव्हे, तो रलव्हेनंतर येतो. फ्रेंच पाककलेच्या सर्वमान्य कोशाला १९३८मध्ये खुद्द फ्रेंच वाचकांची चूक दुरुस्त करावी लागत होती, आणि ती ‘चूक’ म्हणजे आज फ्रान्समध्ये प्रमाण असलेला अर्थ. लोकांनी कोशाचे ऐकले नाही. नावातला प्रवेश कानाला ऐकू येत होता, जुनी रांग डोळ्यांसमोर उरली नव्हती, म्हणून शब्द पुन्हा दारात जाऊन बसला. अमेरिकनांना फ्रेंच येत नव्हते म्हणून त्यांचा अर्थ बदलला, या समजुतीला छेद देणारा याहून चांगला पुरावा नाही. फ्रेंच कानांना शब्दाचे मूळ कळत होते, म्हणूनच त्यांनी जुना अर्थ सोडला. अमेरिकन कानांना ते कळत नव्हते आणि त्यामुळे जुना अर्थ तिथे सुरक्षित राहिला.

आजची स्थिती या फाट्यांवरून आलेली आहे. युनेस्कोने २०१०मध्ये फ्रेंचांच्या मेजवानीच्या रीतीला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, तेव्हा तिच्या वर्णनात आँत्रे, मग भाज्यांसह मासा किंवा मांस, मग चीज आणि गोड असे किमान चार टप्पे सांगितले गेले. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड इंग्रजी बोलतात तरी या बाबतीत पॅरिसच्या रांगेत उभे आहेत. कॅनडात एकाच देशाच्या दोन भाषांत दोन अर्थ नांदतात. टोरांटोच्या इंग्रजी कार्डावर ऑन्ट्रे म्हणजे मुख्य पदार्थ आणि क्वेबेकच्या फ्रेंच कार्डावर आँत्रे म्हणजे पहिला. दोन्ही भाषांत कार्ड छापणाऱ्याला हाच शब्द दोन वेगळ्या ओळींवर बसवावा लागतो.

अमेरिकेत तर तो कायद्यात गेला. शाळांमध्ये विकल्या जाणाऱ्या खाद्यपदार्थांसाठी तिथल्या कृषी विभागाचे जे नियम १ जुलै २०१४पासून लागू झाले, त्यांत ‘ऑन्ट्रे’ची रीतसर व्याख्या आहे : जेवणातला मुख्य पदार्थ म्हणून योजलेला, मांस किंवा त्याला पर्यायी पदार्थ असलेला. असा पदार्थ सुटा विकायचा तर तो ३५० कॅलरींच्या आत हवा. खाऊची मर्यादा २००. ला व्हारेनच्या छावणीतल्या पातेल्यापासून शाळेच्या उपाहारगृहातल्या ट्रेपर्यंत हा शब्द मांसाला किंवा त्याच्या बदल्यात आलेल्या भरीव घटकाला धरून राहिला आहे. अमेरिकन दुकानांतल्या गोठवलेल्या तयार जेवणांवरही तोच असतो. न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाच्या हाती लग्नाचे अमेरिकन आमंत्रण येते तेव्हा उत्तराच्या कार्डावर ‘ऑन्ट्रे निवडा’ असा रकाना असतो, आणि तिथे खूण करताना शाकाहारी पाहुण्याने हा शब्द हलक्यात घेऊ नये.

महाराष्ट्राशी या शब्दाचा आणखी एक धागा जुळतो. १९५४मध्ये लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने मुंबईत हॉटेल व्यवस्थापन आणि केटरिंगचे शिक्षण सुरू झाले. त्या संस्थेला आजही लोक ‘दादर केटरिंग’ म्हणून ओळखतात. देशभरच्या अशा संस्थांत वाढपाचा अभ्यास सतरा टप्प्यांच्या अभिजात फ्रेंच मेन्यूने होतो. ऑर दव्रपासून कॉफीपर्यंतची ती रांग विद्यार्थी पाठ करतात, आणि तिच्यात ऑन्ट्रे सहावा : माशानंतर, सॉर्बेच्या आधी, मांसाचा पहिला पदार्थ. म्हणजे पॅरिसमध्ये जो अर्थ मागे पडला आणि शिकागोत ज्याचा अर्धाच भाग उरला, तो एकोणिसाव्या शतकातला पूर्ण क्रम आपल्याकडच्या वर्गांमध्ये शाबूत आहे. पुढे जहाजांवर आणि परदेशी हॉटेलांत नोकरीला गेलेल्या मराठी मुलामुलींना हे पाठांतर जगाची तीन वेगवेगळी कार्डे वाचायला उपयोगी पडते.

आणि कटलेट. फ्रेंचमध्ये ‘कोतलेत’ म्हणजे बरगडीलगतचा मांसाचा छोटा तुकडा. एकोणिसाव्या शतकाच्या मेन्यूंत तो ऑन्ट्रेच्या गटातला हमखास मानकरी होता. इंग्रजांबरोबर तो हिंदुस्थानी स्वयंपाकघरात आला. इथे बरगडी गेली, खिमा आला, पुढे खिमाही जाऊन बटाटा, गाजर, वाटाणा आला, वरून पावाच्या चुऱ्याचे किंवा रव्याचे आवरण. पारशी घरांत आणि इराणी हॉटेलांत मटणाचे कटलेट, रेल्वेच्या डब्यात भाज्यांचे. क्लासिक मेन्यूच्या सर्व ऑन्ट्रेंपैकी सामान्य मराठी माणसाच्या रोजच्या ओळखीचा झालेला बहुधा हाच, आणि तो आपल्याकडे पहिला पदार्थही नाही, मुख्यही नाही, चहाबरोबरचा झाला.

मराठीत अनुवाद करणाऱ्यांना या इतिहासाचा थेट उपयोग आहे. अलीकडच्या अमेरिकन कादंबरीत ‘ऑन्ट्रे’ आला तर तो मुख्य पदार्थ. सिडनीतल्या कथेत आला तर स्टार्टर. व्हिक्टोरियन काळातल्या इंग्रजी कादंबरीत मात्र यांपैकी काहीही चालणार नाही. तिथे माशाची ताटे उचलली गेली आहेत, मोठे भाजलेले मांस अजून आलेले नाही, आणि चांदीच्या झाकणाच्या भांड्यातून सॉसमधले काहीतरी फिरवले जात आहे. त्याला मराठीत एका शब्दाचे नाव नाही. ‘सॉसमध्ये शिजवलेले मांस’ असे सरळ लिहावे, किंवा पात्राच्या श्रीमंतीचा थाट दाखवायचा असेल तर मूळ शब्दच ठेवून पुढच्या वाक्यात पदार्थाचे वर्णन करावे.